गोड की ड्राय? फोर्टिफाइड वाइन चाखताना नाकाचं ऐकू नका, जिभेला विचारा

फोर्टिफाइड वाइन, म्हणजे वरून स्पिरिट घालून अल्कोहोल वाढवलेली वाइन, म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर जेवणानंतर छोट्या ग्लासात ओतलेलं काहीतरी घट्ट, गोड येतं, आणि मग ज्यांना गोड आवडत नाही ते शेरी, पोर्ट, मदेरा या सगळ्यांनाच लांबूनच हात जोडतात. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण जगातल्या सगळ्यात ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ नसलेल्या, अगदी खडखडीत कोरड्या वाइन्सपैकी काही नेमक्या याच घराण्यातल्या आहेत. आणि उलटंही होतं बरं का, गोड हवी म्हणून कोणीतरी ओलोरोसो ही गडद शेरी घेऊन येतं आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतं.

माझं स्वतःचं तेच झालेलं. पहिल्यांदा ओलोरोसो शेरी ओतली, रंग गडद तपकिरी, ग्लास नाकाशी नेला तर अक्रोड, कॅरॅमल, मनुका, जुन्या लाकडाचा वास, म्हटलं ही गोडच असणार, आणि घोट घेतला तर साखरेचा पत्ताच नाही, तोंड स्वच्छ कोरडं आणि शेवटी किंचित कडवट. परत वास घेतला, परत गोड. परत घोट घेतला, परत कोरडी. तेव्हा पक्कं कळलं की गोड वास आणि गोड चव या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि या वाइन्समध्ये दोघींची जितकी फारकत होते तितकी साध्या वाइनमध्ये सहसा होत नाही. पुढचं सगळं त्यावरच आहे.

आधी ही वाइन बनते कशी ते थोडक्यात, कारण गोड-ड्रायचा सगळा निकाल तिथेच लागतो. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि त्याचं अल्कोहोल होतं. फोर्टिफाइड वाइनमध्ये कुठल्यातरी टप्प्यावर बाहेरून द्राक्षापासूनच केलेलं स्पिरिट ओततात. आता हे स्पिरिट कधी ओतलं, हा खरा प्रश्न. पोर्टमध्ये ते मध्येच ओततात, फर्मेंटेशन सुरू होऊन दोन-तीन दिवस झालेले असतात, साखर अजून जवळजवळ अर्धी शिल्लक असते, तेवढ्यात 77 टक्क्यांचं स्पिरिट पडतं आणि यीस्ट जागच्या जागी मरतं. उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते, वरून साखर घातलेली नसते. प्रमाणही कमी नाही, 550 लिटरच्या पारंपरिक पिंपात साधारण 115 लिटर स्पिरिट असतं.

शेरीचं उलटं आहे. दक्षिण स्पेनमधल्या हेरेस दे ला फ्रोन्तेरा, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या पट्ट्यात पालोमिनो द्राक्षाची वाइन आधी पूर्ण ड्राय होऊ देतात, यीस्टला सगळी साखर खाऊ देतात, आणि मग स्पिरिट घालतात. म्हणजे पालोमिनोची शेरी मुळात ड्रायच जन्माला येते. त्यातही स्पिरिट किती घातलं त्यावर दोन वाटा फुटतात. वाइनचं अल्कोहोल 15 टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर पिंपातल्या वाइनवर यीस्टची पांढरट साय धरते, तिला फ्लोर म्हणतात, ती हवा आत येऊ देत नाही आणि वाइनमधलं ग्लिसरीनसुद्धा खाऊन टाकते, म्हणून ही वाइन, म्हणजे फिनो, इतकी हलकी आणि कोरडी लागते. 17 टक्क्यांच्या वर नेलं तर फ्लोर जगत नाही, वाइनला थेट हवा लागते, रंग गडद होतो, अंग भरतं, ती ओलोरोसो. ओलोरोसोत ग्लिसरीन राहतं आणि त्यामुळे ती जिभेवर गोलसर, गुळगुळीत लागते, आणि या गुळगुळीतपणालाच माणसं गोडवा समजतात. माझंही अर्धं फसणं त्यातलंच होतं.

आता चाखायला बसायच्या आधी एक काम करा, ज्याला वाइन लागतच नाही. 200 मिलीचे चार ग्लास पाणी घ्या. पहिल्यात 1 ग्रॅम साखर, म्हणजे पाव चमच्याइतकी, दुसऱ्यात 8 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे, तिसऱ्यात 20 ग्रॅम, पाच चमचे, आणि चौथ्यात पुन्हा 20 ग्रॅम पण सोबत लिंबू पिळा, चांगलं अर्धं. पहिला ग्लास म्हणजे लिटरला 5 ग्रॅम, तुम्हाला साखर कळणारच नाही किंवा जेमतेम कळेल, फिनोमध्ये साखर असलीच तर याहून जास्त नसते. दुसरा लिटरला 40 ग्रॅम. तिसरा 100 ग्रॅम, हा पोर्टचा गोडवा, कोलाच्या बाटलीतही साधारण एवढीच साखर असते. आणि चौथा पिऊन बघा, साखर तेवढीच असूनही तो तिसऱ्यापेक्षा खूप कमी गोड लागतो. हे एकदा जिभेला कळलं की मदेरा का तशी लागते हे वेगळं समजावून सांगायची गरजच उरत नाही. मी हा प्रयोग बऱ्याच जणांना करायला लावलाय आणि चौथ्या ग्लासाला प्रत्येक जण थांबून परत तिसरा पितो.

मग वाइन. सुरुवातीला फक्त तीन ग्लास मांडा, फिनो किंवा तिच्यासारखीच मान्सानिया, ओलोरोसो, आणि पेद्रो हिमेनेस ही अतिगोड शेरी, जिला सगळे पीएक्सच म्हणतात. एकच प्रदेश, तीन टोकं. ग्लास साध्या व्हाइट वाइनचा घ्या, वर थोडा निमुळता होणारा, त्या अंगठ्याएवढ्या लिकरच्या ग्लासात वासाला जागाच मिळत नाही, त्यात काही कळत नाही. ग्लास तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका. आणि क्रम नेहमी ड्रायकडून गोडकडे, कारण पीएक्स एकदा जिभेवर बसली की त्यानंतर फिनो म्हणजे आंबट पाणी वाटेल आणि दोष फिनोचा नसेल.

रंग बघा पण रंगावरून गोडीचा अंदाज बांधू नका. ओलोरोसो गडद आणि ड्राय, पेल क्रीम शेरी फिकट आणि चांगली गोड. वास घेताना ग्लास एकदम नाकात खुपसू नका, या वाइन्समध्ये 15 ते 22 टक्के अल्कोहोल असतं, पहिल्यांदाच खोल श्वास ओढला तर नुसता स्पिरिटचा झटका बसतो आणि नाक काही वेळ कामातून जातं. हनुवटीच्या पातळीवर धरा, वास आपोआप वर येऊ द्या, मग हळूहळू जवळ आणा.

आणि आता खरी युक्ती. नाक चिमटीत धरा, छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा. नाक बंद असल्यामुळे मनुका, कॅरॅमल, व्हॅनिला काहीही जाणवणार नाही, फक्त गोड, आंबट, कडू, तुरट आणि अल्कोहोलची ऊब एवढंच कळेल. आता स्वतःला विचारा, गोड आहे का? ओलोरोसोच्या बाबतीत उत्तर इतकं स्वच्छ मिळतं की आश्चर्य वाटतं. मग नाक सोडा, सगळे वास एका लाटेसारखे येतात, आणि त्या क्षणी लक्षात येतं की आपण ज्याला गोड म्हणत होतो ते किती जिभेवर होतं आणि किती डोक्यात.

पुढचा भाग म्हणजे गिळल्यावर किंवा थुंकल्यावर थांबायचं. लगेच दुसरा घोट नको. मनात दहापर्यंत मोजा आणि बघा तोंडात काय उरलंय. गोड वाइनमध्ये ओठ थोडे चिकट वाटतात आणि जिभेवर एक थर राहतो. ड्राय वाइनमध्ये तोंड स्वच्छ होतं, लाळ सुटते. चांगली गोड वाइन ओळखायची खूण मला विचाराल तर हीच, की आधी गोड लागते पण शेवट गोड होत नाही, शेवटी आंबटपणा किंवा किंचित कडवटपणा येऊन तोंड मोकळं करतो आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. जी शेवटपर्यंत नुसती गोडच राहते ती दोन घोटांनंतर नकोशी होते, मग लेबल कितीही भारी असो. आणि थुंकायला लाजू नका, पाच-सहा वाइन्स चाखायच्या असतील तर थुंकावंच लागतं, 20 टक्क्यांच्या वाइनचे 75 मिली म्हणजे जवळजवळ 12 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, चार ग्लासांनंतर तुमच्या मताला काही किंमत राहत नाही.

शेरीत निवडताना जरा नीट बघा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे आणि सगळ्यात जास्त मजाही. पूर्ण ड्राय बाजूला फिनो, मान्सानिया, अमोंतियादो, पालो कोर्तादो (अमोंतियादो आणि ओलोरोसोच्या मधली) आणि ओलोरोसो. मान्सानिया म्हणजे समुद्राकाठच्या सानलुकारमध्ये मुरलेली फिनोसारखीच वाइन, जरा जास्त खारट, हलकी. अमोंतियादो आधी फ्लोरखाली आणि मग हवेत मुरते, म्हणून तिच्यात फिनोची धार आणि हेझलनटचा वास दोन्ही सापडतं, आणि मला विचाराल तर ड्राय फोर्टिफाइड वाइन आवडते की नाही हे ठरवायला अमोंतियादोसारखी दुसरी वाइन नाही. फिनो पहिल्या भेटीत अंगावर येते, ओल्या ब्रेडच्या कणकेसारखा आणि कच्च्या सफरचंदासारखा तिचा वास काहींना झेपत नाही, अमोंतियादो मात्र हळूच ओळख करून देते.

गोड बाजूला दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि ते एकत्र धरू नका. एक म्हणजे मुळातच गोड, पीएक्स आणि मोस्कातेल, दोन्ही द्राक्षांच्याच नावाच्या. पीएक्सची द्राक्षं तोडून उन्हात वाळत घालतात, ती मनुकांसारखी आक्रसतात, रस इतका दाट निघतो की यीस्टला फार काही करता येत नाही. नियमाप्रमाणे लिटरला किमान 212 ग्रॅम साखर लागते आणि प्रत्यक्षात कित्येक बाटल्यांमध्ये 400 च्या आसपास असते, ग्लास तिरका केला की काकवीसारखी काचेला धरून उतरते. दुसरा प्रकार म्हणजे ड्राय शेरीत गोड वाइन किंवा दाट केलेला द्राक्षरस मिसळून केलेल्या, मीडियम, पेल क्रीम, क्रीम. क्रीममध्ये दुधाचा काही संबंध नाही, ती लिटरला 115 ते 140 ग्रॅमची गोड शेरी असते. आणि मीडियम या शब्दापासून जरा सावध राहा, कारण त्याची हद्द 5 ग्रॅमपासून 115 ग्रॅमपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे एक मीडियम जवळजवळ ड्राय आणि दुसरी पोर्टइतकी गोड असू शकते, नुसत्या शब्दावरून काही ठरत नाही, मागच्या लेबलावर किंवा कंपनीच्या माहितीत साखरेचा आकडा शोधा. अमोंतियादोच्या जोडीला मीडियम असं लिहिलेलं दिसलं तरी ती गोड केलेली आहे असंच समजा. व्हीओएस आणि व्हीओआरएस हे शिक्के वयाचे आहेत, सरासरी 20 आणि 30 वर्षांपेक्षा जास्त मुरलेली, त्यांचा गोडीशी संबंध नाही, पण इतक्या वर्षांत पाणी उडून सगळंच दाट झालेलं असतं, कडवटपणासुद्धा, त्यामुळे पहिलीच बाटली म्हणून व्हीओआरएस घेऊ नका.

पोर्टच्या बाबतीत गोड की ड्राय हा प्रश्न जवळजवळ बाजूलाच ठेवा. उत्तर पोर्तुगालमधल्या दोउरो नदीच्या खोऱ्यात, ज्याची हद्द 1756 सालीच सरकारने आखून दिली, तिथली रेड पोर्ट गोडच असते, एका बाटलीपासून दुसरीपर्यंत साखर थोडीफार इकडेतिकडे. निवडायचं असतं ते मुरवण्यावरून. रुबी, रिझर्व्ह, एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज), व्हिंटेज ही एक बाजू, इथे हवा कमी लागलेली, काळ्या फळांची चव, तुरटपणा जास्त. टॉनी ही दुसरी बाजू, लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं हवा खाल्लेली, रंग विटकरी, चव सुकामेव्याची आणि कॅरॅमलची. लेबलावर 10, 20, 30, 40 वर्षं लिहिलेलं असतं ते वेगवेगळ्या सालांच्या त्या मिश्रणाच्या स्वभावाचं वय असतं, म्हणजे ती तेवढी मुरल्यासारखी लागते, एका सालाच्या टॉनीला कोल्येइता म्हणतात. आता गंमत अशी की रुबी आणि टॉनीत साखर सारखीच असली तरी रुबीतला तुरटपणा गोडीला लगाम घालतो आणि टॉनीत तो तुरटपणा मऊ झालेला असतो, पण तिचा आंबटपणा आणि सुकामेव्याचा हलका कडवटपणा वेगळ्या पद्धतीने तेच काम करतो. ज्यांना गोड फारसं आवडत नाही त्यांना मी 20 वर्षांची टॉनी थोडी गार करून देतो, 12 अंशांच्या आसपास, आणि बहुतेक वेळा ग्लास रिकामा परत येतो.

एलबीव्ही ही एकाच सालाची, चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली, आणि व्हिंटेज दोन-तीन वर्षांतच भरून मग पुढची कित्येक वर्षं बाटलीतच मुरणारी, तिच्या तळाला गाळ बसतो म्हणून बाटली दिवसभर उभी ठेवून मग हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी लागते. व्हाइट पोर्टमध्ये मात्र गोडीचे प्रकार खरंच आहेत, एक्स्ट्रा ड्रायपासून ते लाग्रिमा नावाच्या अतिगोड प्रकारापर्यंत, फक्त एक्स्ट्रा ड्राय लिहिलंय म्हणून फिनोसारखी कोरडी निघेल असं समजू नका.

मदेरावर माझा फार जीव आहे. अटलांटिकमधल्या या बेटावरची वाइन मुद्दाम तापवतात, साधी असेल तर टाकीत 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने, चांगली असेल तर पिंपं उबदार माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवून. जुन्या काळी जहाजावर उष्ण कटिबंध ओलांडून आलेली पिंपं जास्त चांगली लागतात हे लक्षात आलं, तिथून हे सुरू झालं. जुन्या पांढऱ्या द्राक्षांच्या मदेरात निवडणं सोपं आहे कारण द्राक्षाचं नाव हाच गोडीचा अंदाज, सर्सियाल ड्राय, व्हेर्देल्यो मीडियम ड्राय, बुआल मीडियम गोड, माम्झी म्हणजेच माल्व्हासिया सगळ्यात गोड. लेबलावर यातलं काही नसेल तर बहुतेक ती तिंता नेग्रा द्राक्षाची असते आणि मग ड्राय, मीडियम असे शब्द बघायचे. चौथा ग्लास आठवा, लिंबू पिळलेला. मदेरात आंबटपणा इतका असतो की सर्सियालमध्ये फिनोपेक्षा कितीतरी जास्त साखर असूनही ती कोरडी वाटते, आणि माम्झीसारखी भरपूर गोड वाइनसुद्धा शेवटी तोंड धुतल्यासारखं करते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सिसिलीच्या मार्सालात लेबलावर सेको म्हणजे लिटरला 40 ग्रॅमच्या आत, सेमीसेको 40 ते 100, दोल्चे 100 च्या वर, म्हणजे तिथलं ड्राय हे आपल्या दुसऱ्या ग्लासापर्यंत जाऊ शकतं, फिनो, ओलोरोसोसारख्या शेरींचं ड्राय पहिल्या ग्लासातच थांबतं, शब्द एकच पण अर्थ वेगळा. पिण्यासाठी घ्यायची असेल तर व्हेर्जिने लिहिलेली घ्या, ती किमान पाच वर्षं मुरलेली आणि ड्राय असते, स्वयंपाकात जाते ती वेगळी. दक्षिण फ्रान्सच्या मस्कॅट द बोम द व्हनीझ, बान्यूल्स, मोरी या पोर्टसारख्याच मध्ये थांबवून गोड ठेवलेल्या असतात. ऑस्ट्रेलियाच्या रदरग्लेनचं मस्कॅट पीएक्स आवडणाऱ्यांनी नक्की चाखावं.

कशासोबत घ्यायची यात एकच नियम मी कडकपणे पाळतो, गोड पदार्थ वाइनपेक्षा जास्त गोड नसावा, नाहीतर वाइन आंबट आणि पातळ वाटते. खारट आणि गोड मात्र जमतं, निळ्या बुरशीचं स्टिल्टन चीज आणि पोर्ट ही जोडी उगाच जुनी नाही. फिनोला ऑलिव्ह, खारे बदाम, मासे. हेरेसकडची माणसं सांगतात, पोहतं त्याला फिनो, उडतं त्याला अमोंतियादो, धावतं त्याला ओलोरोसो, आणि हे मी बऱ्याचदा करून पाहिलंय, चुकत नाही. पीएक्स मात्र व्हॅनिला आइस्क्रीमवर ओता, ग्लासातून पिण्यापेक्षा तिथे ती जास्त खुलते.

तापमान चुकलं तर गोडीचा अंदाज चुकतो. गार केली की गोडवा कमी जाणवतो आणि कोमट झाली की गोडवा आणि अल्कोहोल दोन्ही वर येतात. फिनो आणि मान्सानिया 7 ते 9 अंश, अमोंतियादो आणि ओलोरोसो 12 ते 14, टॉनी त्याच्याच आसपास, व्हिंटेज पोर्ट 16 ते 18. गोड वाइन जड वाटली तर फेकून द्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून परत चाखा.

आणि बाटली कधी उघडलीय हे विचारायला अजिबात संकोच करू नका. मला एका ठिकाणी दिलेली फिनो पिवळसर, निस्तेज, वासाला शिळ्या सफरचंदासारखी होती, बाटली कपाटात कित्येक आठवडे उघडी पडलेली, आणि माझ्यासोबतच्या मित्राचं तेव्हापासून मत झालं की ड्राय शेरी अशीच असते. त्याला ताजी फिनो पाजून ते मत बदलायला मला पुढे खूप दिवस लागले. फिनो उघडली की फ्रिजमध्ये आणि जास्तीत जास्त आठवडाभर, खरी मजा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. अमोंतियादो, ओलोरोसो काही आठवडे टिकतात, पीएक्स महिना-दोन महिने, रुबी आठवडा-दोन आठवडे, टॉनी महिनाभर, व्हिंटेज पोर्ट मात्र एक-दोन दिवसांत संपवायची, म्हणून ती चार माणसं जमल्यावरच उघडा. मदेरा आधीच उष्णता आणि हवा दोन्ही पचवून आलेली असते, ती उघडल्यावर कित्येक महिने तशीच राहते. त्यामुळे घरात एकच बाटली ठेवायची असेल आणि अजून ठरत नसेल की आपल्याला गोड आवडते की ड्राय, तर व्हेर्देल्यो आणा, बाटली उभी ठेवा, आणि एकदा जेवणाआधी गार करून आणि एकदा जेवणानंतर थोडी कमी गार अशी घेऊन बघा, कुठल्या वेळी दुसरा ग्लास ओतावासा वाटतो त्यावरून पुढची बाटली सर्सियाल घ्यायची की बुआल ते ठरेल.